अरबी समुद्रावरचा वारा आणि वऱ्हाडची पेरणी

वऱ्हाडला समुद्र नाही. अकोल्याहून सर्वांत जवळचा किनारा चारशे किलोमीटरांहून अधिक दूर. अमरावतीहून तर आणखी लांब. आमच्याकडची कित्येक माणसे समुद्र न पाहताच आयुष्य काढून गेली. तरीही या प्रदेशाचे वर्ष कसे जाणार, हे बऱ्याच अंशी अरबी समुद्रावरून वाहणाऱ्या एका वाऱ्यावर ठरते. मेच्या अखेरीस तो जोर धरतो, सप्टेंबरात ओसरतो, आणि मधल्या काळात त्याने आपली वाट थोडी जरी बदलली तरी बाळापूर, दर्यापूर, अकोटच्या शेतांत पऱ्हाटी माना टाकते. त्या वाऱ्याने आणलेले पाणी पूर्णा नदी गोळा करते, तापीला देते आणि तापी ते सुरतेजवळ पुन्हा त्याच समुद्रात नेऊन सोडते. समुद्राशी आमचे नाते आहे ते असे.

या वाऱ्याच्या अंदाजाचा इतिहास बहुधा शास्त्रज्ञांची नावे आणि यंत्रांची प्रगती अशा क्रमाने सांगितला जातो. मी अकोल्याचा असल्यामुळे असेल, पण मला तो वेगळ्या टोकाने वाचावासा वाटतो. कोणत्या काळात कोणी या वाऱ्याला काय विचारले, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. प्रश्न दोन प्रकारचे होते. एक, 'यंदा पाऊस किती?' दुसरा, 'पाऊस केव्हा येणार आणि मध्ये किती दिवस उघाड देणार?' वरवर पाहता दोन्ही सारखेच वाटतात. पण पहिला प्रश्न खजिन्याचा आहे आणि दुसरा तिफण जुंपून बसलेल्या माणसाचा. पुढे सांगितलेली हकिगत मुख्यतः या दोन प्रश्नांची आहे.

'केव्हा?' विचारणारी माणसे

हा दुसरा प्रश्न सर्वांत आधी विचारला तो खलाशांनी. 'मोसम' हा आपला शब्द अरबी 'मौसिम'वरून आला. त्याचा अर्थ ठरलेला काळ. इंग्रजीतला 'मान्सून'ही त्याच मुळाचा. म्हणजे या शब्दात पाऊस नाहीच, वेळ आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात हिप्पालस नावाच्या नावाड्याचा उल्लेख येतो. भर समुद्रातून थेट भारताकडे येण्याची वाट त्याने शोधली, असे त्यात म्हटले आहे. अरब आणि भारतीय खलाशांना ती वाट त्याच्याही आधीपासून माहीत असणार. उन्हाळ्यात नैर्ऋत्येकडून येणारा आणि हिवाळ्यात ईशान्येकडून परतणारा वारा हेच त्यांचे वेळापत्रक होते. पंधराव्या शतकातल्या इब्न माजिद या अरब नावाड्याने कोणत्या बंदरातून कोणत्या दिवसांत निघावे याचे ज्ञान ग्रंथांत नोंदवून ठेवले. कोकणात ऐन पावसाळ्यात बंदरे बंद राहत, होड्या किनाऱ्यावर ओढल्या जात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून पुन्हा दर्यात उतरण्याची तयारी होई. वारा किती जोराचा असेल, यापेक्षा तो कोणत्या दिवसांत कोणत्या दिशेचा असेल, यावर जीव अवलंबून होता.

१६८६ मध्ये एडमंड हॅली यांनी व्यापारी वारे आणि मोसमी वारे यांच्यावर एक निबंध लिहिला व सोबत वाऱ्यांचा नकाशा छापला. धूमकेतूमुळे आपल्याला ठाऊक असलेले हॅली ते हेच. सूर्याने तापलेली जमीन आणि त्या मानाने थंड समुद्र यांच्यातल्या फरकामुळे वारा वाहतो, हे मोसमी वाऱ्याचे पहिले शास्त्रीय स्पष्टीकरण. १७३५ मध्ये जॉर्ज हॅडली यांनी त्यात पृथ्वीच्या फिरण्याचा मुद्दा घातला. दोघांचीही सामग्री जहाजांवरून आलेल्या माहितीची होती.

वऱ्हाडात याच काळात 'केव्हा'चे उत्तर नक्षत्रांत शोधले जाई. मृगापासून हस्तापर्यंत पावसाची नऊ नक्षत्रे, प्रत्येक तेरा-चौदा दिवसांचे. मृग लागला की पेरणीची तयारी, आर्द्रा कोरडी गेली की काळजी, हस्ताचा पाऊस रब्बीच्या ओलीसाठी. ही गणना सूर्याच्या गतीवर बसवलेली असल्यामुळे तिच्यात दरवर्षीची सरासरी वेळ आहे, पण यंदाचे काय, याचे उत्तर नाही. ते मिळावे म्हणून माणसांनी आणखी वाटा शोधल्या. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला होणारी घटमांडणी आजही वऱ्हाडभर ऐकली जाते. साडेतीनशे वर्षांची मानली जाणारी ही परंपरा चंद्रभान महाराज वाघ यांच्या घराण्यात चालत आली आहे. शेतात घट करून भोवती अठरा प्रकारची धान्ये मांडायची, मध्ये मातीची ढेकळे ठेवून त्यावर पाण्याने भरलेला करवा ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे काय हलले, काय भिजले ते पाहून भाकीत सांगायचे. तिला शास्त्राचा आधार नाही. पण मला तिच्यातली मांडणी लक्षात घेण्यासारखी वाटते. ढेकळे चार असतात, पावसाळ्याच्या चार महिन्यांची. म्हणजे वर्षाचा एक आकडा तिथे कोणी मागत नाही. कोणत्या महिन्यात काय होईल, हे विचारले जाते.

'किती?' विचारणारे सरकार

एकोणिसाव्या शतकात दोन गोष्टी जवळपास बरोबरच घडल्या. समुद्रावर वाफेची जहाजे आली. १८३० मध्ये 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मुंबईहून सुएझकडे गेली, १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि वाऱ्याची तारीख पाहून निघण्याची मोठ्या व्यापाराची गरज हळूहळू संपली. 'केव्हा' या प्रश्नाचा सर्वांत श्रीमंत आश्रयदाता असा गेला. दुसरीकडे, १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलेला वऱ्हाड कापसाचा प्रदेश बनत होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या वर्षांत तिकडचा कापूस अडला आणि इथल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. १८६७ पर्यंत भुसावळहून अकोला, बडनेरामार्गे लोहमार्ग नागपूरला पोहोचला. रिव्हेट-कार्नॅक नावाचा अधिकारी मध्य प्रांत व वऱ्हाडचा कॉटन कमिशनर म्हणून नेमला गेला. कापूस वाढला तसा ज्वारीचा वाटा आकसत गेला. पाऊस चुकला तर घरच्या कणगीतले धान्य, हा जुना आधार दुबळा झाला. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातील कापूस आणि दुष्काळ यांवरच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात हे नाते तपशिलाने उलगडून दाखवले आहे.

भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले. १८६४ चे कलकत्त्याचे चक्रीवादळ आणि १८६६ चा ओरिसातला दुष्काळ ही त्यामागची निमित्ते. हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख. लगेचच १८७६-७८ चा भीषण दुष्काळ आला आणि सरकारने त्यांच्याकडे पावसाच्या आगाऊ अंदाजाची मागणी केली. सारा किती येईल, कुठे सूट द्यावी लागेल, धान्य कुठे न्यावे लागेल, हे कारभाराचे प्रश्न होते आणि त्यांना हंगामाचा एकच आकडा पुरेसा होता. हिमालयावर बर्फ जास्त पडला की पुढचा पावसाळा दुबळा, असा संबंध ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये मांडला आणि १८८६ पासून नियमित अंदाज सुरू झाले.

त्यांच्यानंतर आलेल्या जॉन एलियट यांनी बर्फाच्या जोडीला हिंदी महासागर आणि ऑस्ट्रेलियाकडच्या हवामानाच्या नोंदी घेतल्या. अंदाज लांबत गेले, तपशील वाढले. मग १८९९ उजाडले. खात्याने त्या वर्षी सरासरीहून बरा पाऊस सांगितला होता. प्रत्यक्षात देशाच्या नोंदीतल्या सर्वांत मोठ्या अवर्षणांपैकी एक पडले. उत्तरेकडे संवत १९५६ वरून ते 'छप्पनिया' म्हणून आठवणीत राहिले. वऱ्हाड हा काळ्या मातीचा, पैशाचा, दुष्काळ न पडणारा मुलूख, ही समजूत त्या वर्षी मोडली. दुष्काळी कामांवर आणि अन्नछत्रांवर गर्दी झाली, पटकी आली, माणसे आणि ढोरे मेली. वृत्तपत्रांनी खात्यावर टीका केली आणि पुढची काही वर्षे अंदाज जाहीर न करता केवळ सरकारपुरते गुप्त ठेवले गेले. मला या तपशिलात त्या काळच्या अंदाजाचे खरे रूप दिसते. जो अंदाज गुप्त ठेवूनही उपयोगाचा राहतो, तो शेतकऱ्यासाठी केलेला नसतो.

१९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर खात्याचे प्रमुख झाले. ते केंब्रिजचे नामांकित गणिती. हवामानाचे शिक्षण नव्हते, पण आकड्यांचा दांडगा अभ्यास होता. जगभरच्या नोंदी गोळा करून त्यांनी आणि त्यांच्या भारतीय सहायकांनी हाताने असंख्य सहसंबंध काढले. पॅसिफिक महासागराच्या एका बाजूला हवेचा दाब वाढला की दुसऱ्या बाजूला हिंदी महासागराकडे तो उतरतो, हा हेलकावा त्यांच्याच आकडेमोडीतून पुढे आला. 'एल निनो'ची आजची चर्चा तिथून सुरू होते. त्यांच्या सुरुवातीच्या सूत्रात चार गोष्टी होत्या : हिमालयातले बर्फ, दक्षिण अमेरिकेतला दाब, मॉरिशसचा दाब आणि झांझिबारचा पाऊस. यांतली शेवटची दोन नावे मला फार बोलकी वाटतात. नकाशा काढून पाहिले तर मॉरिशस आणि झांझिबार ही आपल्याकडे येणाऱ्या वाऱ्याच्या वाटेच्या आसपासची ठिकाणे आहेत. वॉकर यांच्या आकड्यांनी वाऱ्याच्या वाटेला स्पर्श केला होता. पण वारा त्यांना दिसत नव्हता. समुद्रावरच्या उंच हवेत मोजमाप करण्याचे साधनच तेव्हा नव्हते.

खात्याचे मुख्यालय पुढे सिमल्याहून १९२८ मध्ये पुण्याला आले. शिवाजीनगरची ती इमारत आजही 'सिमला ऑफिस' म्हणून ओळखली जाते. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेले, तरी हंगामी अंदाजाचे काम पुण्यातच राहिले.

वारा सापडला

समुद्रावरचा वारा प्रत्यक्ष मोजला गेला तो १९६० नंतर. हिंदी महासागर हा तोवर जगातला सर्वांत कमी अभ्यासलेला मोठा महासागर होता. १९५९ ते १९६५ या काळात अनेक देशांनी मिळून त्याची पाहणी केली. तिचे आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र मुंबईत, कुलाब्याला होते. ज्या कुलाबा वेधशाळेत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी केरूनाना छत्रे यांनी काम केले, तिच्याच परिसरात आता जहाजे, विमाने आणि हवेत सोडलेले फुगे यांच्याकडून आलेल्या नोंदी एकत्र होऊ लागल्या. उष्णदेशीय हवामानाची संशोधनसंस्थाही १९६२ मध्ये पुण्यात उभी राहिली.

या पाहणीत अँड्र्यू बंकर यांनी विमानातून अरबी समुद्रावरच्या वाऱ्याचे वेग मोजले. १९६६ मध्ये पी. व्ही. जोसेफ आणि पी. एल. रामन या भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की जुलैत आपल्या द्वीपकल्पावरून, जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून येणारा एक अरुंद आणि वेगवान झोत वाहतो. १९६९ मध्ये फिंडलेटर यांनी त्याची पूर्ण वाट जोडली. दक्षिण हिंदी महासागरातल्या जास्त दाबाच्या प्रदेशातून हा वारा निघतो, मादागास्करच्या उत्तर टोकावरून केनियाकडे येतो, पूर्व आफ्रिकेच्या उंच पठारांच्या भिंतीला घासून विषुववृत्त ओलांडतो, सोमालियाच्या किनाऱ्याजवळ उजवीकडे वळतो आणि अरबी समुद्र पार करून भारतावर येतो. ऐन जुलैत त्याच्या गाभ्याचा सरासरी वेगच ताशी पन्नास-साठ किलोमीटर असतो. एखाद्या दिवशी तो याच्या कितीतरी पुढे जातो. जगाच्या हवेत इतक्या खालच्या उंचीवर इतका मोठा आणि इतका नियमित झोत क्वचितच आढळतो. खलाशी दोन हजार वर्षे ज्याच्या तळाशी शिडे लावत होते, तो वारा असा उशिरा नकाशावर आला.

वऱ्हाडाच्या दृष्टीने यापुढचा शोध अधिक मोलाचा आहे. हा झोत एकाच जागी राहत नाही. पाऊस चांगला चालू असतो तेव्हा त्याचा गाभा साधारण गोवा-मुंबईच्या पट्ट्यातून द्वीपकल्प ओलांडतो आणि बंगालच्या उपसागरापर्यंत बाष्प नेतो. तिथे कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात, ती पश्चिमेकडे सरकतात आणि मध्य भारत, विदर्भ भिजवत जातात. पावसात खंड पडतो तेव्हा हाच झोत मध्य अरबी समुद्रातच दक्षिणेकडे वळतो आणि भारताला बगल देऊन श्रीलंकेच्या बाजूने निघून जातो. सह्याद्री अरबी समुद्राकडचे बरेचसे बाष्प आपल्या माथ्यावरच उतरवून घेतो. त्यामुळे आमच्याकडचा जोराचा पाऊस पुष्कळदा बंगालच्या उपसागरावरून फिरून येतो. त्या फेऱ्याला बाष्प पुरवणारा वारा मात्र अरबी समुद्रावरचा. तो दक्षिणेकडे वळला की अकोल्यात ऊन पडते.

१९८० मध्ये डी. आर. सिक्का आणि सुलोचना गाडगीळ यांनी उपग्रहाच्या चित्रांवरून दाखवले की ढगांचे पट्टे विषुववृत्ताजवळून उत्तरेकडे पुन्हा पुन्हा सरकत येतात. पावसाची झड आणि उघाड यांमागे एक लय आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. मूळच्या पुण्याच्या सुलोचनाबाईंनी पुढे अनंतपूर भागातल्या कोरडवाहू भुईमुगाच्या शेतकऱ्यांबरोबर, पेरणी कोणत्या दिवसांत केली तर धोका कमी, याचाही अभ्यास केला. इतक्या काळानंतर शास्त्राने शेतकऱ्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत विचारला, याचे मला विशेष अप्रूप वाटते.

खंडाचे गणित

हा प्रश्न वऱ्हाडात किती गंभीर आहे, हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवे. अकोला-अमरावतीच्या सपाटीवर वर्षाला आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आकडा वाईट नाही. पण कापूस, सोयाबीन, तूर हे सारे पावसाच्या भरवशावर. पूर्णेच्या दोन्ही काठांना अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला साडेचार हजार चौरस किलोमीटरांहून मोठा खारपाणपट्टा आहे. तिथे विहीर खोदली तर खारे पाणी लागते. ते पिकाला दिले तर जमीन बिघडते. म्हणजे खंड पडल्यावर पुष्कळांना दुसरा आसराच नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे कृषी खाते सांगते. ते योग्यच आहे. पण शंभर मिलिमीटर पडल्यावर पेरले आणि पुढे तीन आठवडे उघाड पडली, तर उगवलेले कोंब जळतात. मग दुबार पेरणी. पुन्हा सरकी, पुन्हा खत, पुन्हा मजुरी, आणि त्यासाठी पुन्हा उसनवारी. हंगामाच्या शेवटी त्या जिल्ह्यात सरासरीच्या शंभर टक्के पाऊस झाल्याची नोंद होऊ शकते. खजिन्याच्या प्रश्नाचे उत्तर बरोबर येते आणि शेतकरी बुडालेला असतो.

१९८८ मध्ये वसंतराव गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांचे प्रारूप आणले. समुद्राचे तापमान, दाब, वारे, बर्फ असे सोळा संकेत पाहून हंगामाचा आकडा सांगायचा. मराठी घराघरांत त्याची चर्चा झाली. पाऊस हा वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावरचा शास्त्रीय विषय झाला, याचे श्रेय गोवारीकरांना आहे. ते प्रारूप अनेक वर्षे चालले. १९९७ मध्ये मोठा एल निनो असूनही देशात सरासरीइतका पाऊस पडला, तेव्हाही अंदाज सरासरीचाच होता. पण २००२ मध्ये सांगितला सामान्य पाऊस आणि एकट्या जुलैत देशभर निम्माच पडला. हंगाम एकोणीस टक्क्यांनी तुटीचा ठरला. जुलै म्हणजे पेरलेले वर येण्याचा महिना. चूक टक्क्यांत मोजली गेली, पण ती कोणत्या महिन्यात आली यावर तिची खरी किंमत ठरली. पुढच्याच वर्षी ते प्रारूप बदलण्यात आले.

त्यानंतर मात्र अंदाजाची दिशाच बदलू लागली. २००६ पासून केरळात मोसमी पाऊस आला हे ठरवताना किनाऱ्याजवळच्या चौदा केंद्रांवरच्या पावसाबरोबर अरबी समुद्रावरच्या पश्चिमी वाऱ्याचा वेग आणि जाडीही तपासली जाते. पाण्याच्या पृष्ठभागावरच्या लहान लहरी रडारने टिपून वाऱ्याचा वेग काढणारी उपकरणे २००९ च्या ओशनसॅट-२ उपग्रहावर होती. २०१२ मध्ये सुरू झालेल्या मान्सून मिशनमधून समुद्र आणि हवा यांची एकत्र आकडेमोड करणारी प्रारूपे पुण्यात उभी राहिली. आता दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज निघतो. पहिले दोन आठवडे त्यात बरेच भरवशाचे असतात, नंतरचे धूसर होत जातात. झोत केव्हा वळणार, ढगांचा पट्टा केव्हा वर येणार, हे त्यात पाहिले जाते. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून या मातीत काम करते आहे; हवामानावर आधारित कृषीसल्ले आता मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्यांसाठी निघतात.

म्हणजे 'केव्हा' हा खलाशांचा जुना प्रश्न पुन्हा मध्यभागी आला आहे, आणि तो आणला समुद्रावरच्या वाऱ्याच्या ज्ञानाने. तरीही एप्रिलमध्ये हंगामाचा टक्का जाहीर झाला की पहिल्या पानाची जागा त्यालाच मिळते. बँका, व्यापारी, अर्थखाते यांच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे, हे मान्य. पण अमुक टक्के पाऊस म्हणजे दर्यापूरच्या माणसाने पेरावे की थांबावे, हे त्यातून कळत नाही. ते जूनच्या तिसऱ्या आठवड्यातल्या, पुढच्या पंधरा दिवसांच्या अंदाजातून कळू शकते. तो अंदाज इंग्रजी नकाशावर रंगांच्या ठिपक्यांत राहतो, तोवर त्याचा उपयोग अर्धाच. गावाच्या चावडीवर, मोबाइलवर, कृषी केंद्राच्या फळीवर, 'उघाड पडण्याची शक्यता मोठी आहे, पेरणी आठ दिवस थांबवा' अशा मराठीत तो यायला हवा. त्यात शक्यता किती हेही सांगायला हवे, आणि तो चुकला तर पुढच्या आठवड्यात तितक्याच मोकळेपणाने तसे म्हणायला हवे.

१८९९ नंतर अंदाज लपवून खात्याने टीका टाळली होती. आज अंदाज लपवला जात नाही, पण बियाण्याची पिशवी फोडण्याच्या दिवशी तो हातात नसेल, तर वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या लेखी फरक थोडाच राहतो. वाऱ्याची वाट शोधायला शास्त्राला दोन हजार वर्षे लागली. ती माहिती पुण्याहून खारपाणपट्ट्यातल्या धुऱ्यापर्यंत न्यायला शास्त्र लागत नाही. इच्छाशक्ती आणि कारभार लागतो.